कॉकसचे दार कधी बंद होते? मतदार नोंदणीचे नियम आणि उमेदवाराच्या यशाची शक्यता

प्रश्न असा आहे. आयोवा राज्यात स्थायिक झालेल्या आणि नुकतेच अमेरिकेचे नागरिकत्व घेतलेल्या एका मराठी वाचकाने दोन गोष्टी विचारल्या आहेत. एक, कोणत्याही पक्षाशी संबंध नसलेल्या माणसाला अध्यक्षपदाचा उमेदवार निवडणाऱ्या पक्षीय कॉकसमध्ये, म्हणजे पक्षाने भरवलेल्या मतदारांच्या स्थानिक सभेत, भाग घेता येतो का? दोन, मतदार नोंदणीच्या नियमांचा उमेदवाराच्या यशावर खरोखर परिणाम होतो का, आणि होत असेल तर तो आधीच कसा ओळखायचा?

मी आयोवात प्रीसिंक्टच्या, म्हणजे मतदानासाठी पाडलेल्या लहान विभागाच्या, पातळीवर बरीच वर्षे काम केले आहे. शाळेच्या जेवणघरात टेबल मांडून नावे नोंदवून घेणे, नव्या मतदारांचे फॉर्म तपासणे आणि उमेदवारांच्या गटांची मोजदाद करणे, अशी ही कामे होती. त्या अनुभवावरून दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण पहिल्याचे उत्तर त्यातूनच स्पष्ट होत जाते. नोंदणीच्या नियमांचा परिणाम होतो, आणि काही वेळा तो निर्णायक ठरतो. मात्र वर्तमानपत्रांत ज्याची चर्चा चालते तो ‘खुला’ (कोणत्याही मतदारासाठी) की ‘बंद’ (फक्त पक्षाच्या मतदारांसाठी) हा भेद त्या मानाने गौण आहे. पक्षसंलग्नता बदलण्याची शेवटची तारीख कोणती, ती तारीख येईपर्यंत उमेदवार लोकांपर्यंत पोहोचलेला असतो की नाही, आणि दारातून आत आलेल्या माणसाच्या मताला प्रत्यक्षात किती वजन मिळते, या तीन गोष्टी एकत्र पाहिल्याशिवाय कोणत्याही उमेदवाराच्या शक्यतेबद्दल बोलू नये, असे माझे मत आहे.

भारतातून आलेल्या वाचकासाठी एक खुलासा आवश्यक आहे. आपल्याकडे मतदार यादीत नाव घालण्यासाठी फॉर्म ६ भरतात, त्यात पक्षाचा रकाना नसतो, आणि पक्षाचे सदस्यत्व हा ती व्यक्ती आणि तो पक्ष यांच्यातला मामला असतो. अमेरिकेत सुमारे तीस राज्यांत मतदार नोंदणीच्या सरकारी फॉर्मवरच पक्षाचा रकाना असतो. तिथे डेमोक्रॅटिक किंवा रिपब्लिकन अशी खूण केली की मतदार यादीत नावापुढे त्या पक्षाची नोंद होते. त्यासाठी वर्गणी लागत नाही, पक्षाचे कोणतेही काम अंगावर पडत नाही, आणि सार्वत्रिक निवडणुकीत त्याच पक्षाला मत देण्याचे बंधनही येत नाही. ज्यांना हे नको असते ते ‘कोणताही पक्ष नाही’ अशी खूण करतात. आयोवात अशा मतदारांचे प्रमाण गेली अनेक वर्षे साधारण एक तृतीयांशाच्या आसपास राहिलेले आहे. वॉशिंग्टन आणि मिनेसोटा यांसारख्या राज्यांत तर मतदार यादीत पक्षाची नोंदच ठेवली जात नाही, त्यामुळे तिथल्या कॉकसमध्ये येणाऱ्याने आपण या पक्षाचे समर्थक आहोत असे जाहीर केले की पुरत असे. कॉकस आणि प्रायमरी यांतला मूळ फरकही इथेच सांगतो. प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार निवडण्यासाठीचे नेहमीसारखे मतदान, सरकारी यंत्रणा घेते, कॉकस पक्ष स्वतः भरवतो. त्यामुळे कॉकसमध्ये कोणाला प्रवेश द्यायचा याचे बरेचसे नियम पक्षाच्या हाती असतात आणि शेजारच्या दोन राज्यांतच नव्हे, तर एकाच राज्यातल्या दोन पक्षांतही ते निराळे असू शकतात.

आयोवातली पद्धत जवळून पाहण्यासारखी आहे. संध्याकाळी सात वाजता कॉकस सुरू होतो आणि त्या वेळेपर्यंत रांगेत उभ्या असलेल्या प्रत्येकाला आत घेतले जाते. दारापाशी दोन टेबले असतात. एकावर प्रीसिंक्टमधल्या त्या पक्षाच्या मतदारांची छापील यादी असते. नाव सापडले, सही केली की माणूस आत जातो. दुसऱ्या टेबलावर नोंदणीचे कोरे फॉर्म असतात. ज्यांचा पत्ता बदललेला आहे, ज्यांच्या नावापुढे दुसरा पक्ष आहे किंवा कोणताच पक्ष नाही, आणि ज्यांची कधीच नोंदणी झालेली नाही, ते सगळे या टेबलापाशी थांबतात, फॉर्म भरून पक्षाच्या रकान्यात खूण करतात आणि त्याच क्षणी त्या पक्षाचे मतदार होऊन आत जातात. भरलेले फॉर्म नंतर काउंटी ऑडिटरच्या, म्हणजे मतदार नोंदणी सांभाळणाऱ्या स्थानिक अधिकाऱ्याच्या, कार्यालयात जमा होतात. सार्वत्रिक निवडणुकीच्या दिवसापर्यंत ज्यांना अठरा वर्षे पूर्ण होणार आहेत, अशा सतरा वर्षांच्या मुलामुलींनाही भाग घेता येतो. म्हणजे कागदावर हा कॉकस बंद आहे, कारण आत जाणारा प्रत्येक जण त्या पक्षाचा नोंदणीकृत मतदार असावाच लागतो. पण दार शेवटच्या मिनिटापर्यंत उघडे असल्यामुळे व्यवहारात तो जवळपास खुलाच ठरतो. ‘बंद कॉकस’ एवढेच शब्द वाचून जो अंदाज बांधेल तो इथे फसेल.

या नियमाचा परिणाम किती मोठा असू शकतो, हे ३ जानेवारी २००८ रोजी दिसले. त्याच्या काही दिवस आधी ‘डे मॉइन रजिस्टर’ या दैनिकाची शेवटची पाहणी प्रसिद्ध झाली होती. ॲन सेल्झर यांनी केलेल्या त्या पाहणीत बराक ओबामा ३२, हिलरी क्लिंटन २५ आणि जॉन एडवर्ड्स २४ टक्के असे आकडे होते. प्रतिस्पर्ध्यांच्या छावण्यांतून तिच्यावर लगेच आक्षेप आले आणि आक्षेपांचा रोख मतदारांच्या घडणीवर होता. डेमोक्रॅटिक कॉकसला येणाऱ्यांपैकी सुमारे ६० टक्के लोक प्रथमच येणारे असतील आणि सुमारे ४० टक्के स्वतःला अपक्ष म्हणवणारे असतील, असे त्या पाहणीतून निघत होते. आधीच्या कॉकसचा अनुभव असलेल्यांना हे अशक्य वाटत होते, कारण अनुभवी कार्यकर्ते नेहमीच्या यादीतल्या नावांवरून हिशेब मांडत होते. प्रत्यक्षात २००४ मध्ये जिथे सुमारे १,२४,००० लोक आले होते तिथे २००८ मध्ये सुमारे २,३९,००० आले. दारावर केलेल्या पाहणीनुसार त्यांपैकी ५७ टक्के प्रथमच येणारे होते. अपक्षांचे प्रमाण मात्र भाकिताच्या निम्मे, म्हणजे २० टक्क्यांच्या आसपास भरले. ओबामांना सुमारे ३८ टक्के मिळाले. एडवर्ड्स आणि क्लिंटन तिशीच्या किंचित खाली राहिले. स्वतःला डेमोक्रॅट म्हणवणाऱ्यांमध्ये ओबामा आणि क्लिंटन जवळपास बरोबरीत होते. अंतर पडले ते अपक्षांमुळे आणि नवख्यांमुळे. त्या वर्षी आयोवात पक्षसंलग्नता बदलण्याची मुदत दोन महिने आधी संपलेली असती, तर ही लढत बरोबरीच्या खूप जवळ गेली असती, असे मी खात्रीने म्हणतो.

पण उघडे दार पुरेसे नसते, हे सांगायला चार वर्षे आधीचा कॉकस आहे. २००४ मध्ये नियम हेच होते. डेमोक्रॅटिक उमेदवारीच्या शर्यतीतले हॉवर्ड डीन यांच्याभोवती तरुणांचा मोठा उत्साह होता, देशभरातून हजारो स्वयंसेवक नारिंगी टोप्या घालून आयोवात उतरले होते, आणि पाहण्यांमध्ये डीन बराच काळ आघाडीवर होते. निकालात जॉन केरी ३८, एडवर्ड्स ३२ आणि डीन १८ टक्के असा क्रम लागला. बाहेरून आलेल्या स्वयंसेवकांना अर्थातच आयोवात मत नव्हते, आणि दारोदार फिरून ज्यांना त्यांनी गाठले त्यांच्यापैकी किती जण थंडीच्या रात्री दीड-दोन तास द्यायला तयार आहेत, याची खातरजमा पुरेशी झालेली नव्हती. ओबामांच्या लोकांनी नेमके तेच काम केले. प्रत्येक नव्या माणसाला त्याचे कॉकसचे ठिकाण, दुसऱ्या टेबलावर भरायचा फॉर्म आणि सोबत ठेवायची माहिती हे सगळे आधीच समजावून सांगितले होते. दारावर नोंदणीची सोय आहे हे ज्याला माहीतच नाही, तो आपण अपात्र आहोत असे समजून घरी बसतो. नियमाचा फायदा ज्या उमेदवाराने आधी माणसे तयार केली त्याला मिळतो, आणि म्हणून उमेदवाराच्या शक्यतेचा अंदाज घेताना मी त्याच्या सभेची गर्दी पाहत नाही. त्याच्या कार्यकर्त्यांच्या हातात प्रीसिंक्टवार याद्या आहेत की नाहीत, हे पाहतो.

आता तारखांकडे वळू, कारण खरी मेख तिथेच आहे. २०१६ मध्ये कोलोरॅडोत डेमोक्रॅटिक कॉकस १ मार्चला होता आणि पक्षसंलग्नतेची मुदत ४ जानेवारीला संपली होती, म्हणजे जवळजवळ दोन महिने आधी. त्या राज्यात पक्षविरहित मतदार एक तृतीयांशाहून अधिक होते. क्लिंटन यांच्याविरुद्ध उमेदवारीसाठी लढणारे बर्नी सँडर्स यांचा जोर अशाच मतदारांत होता. तरीही ते सुमारे ५९ टक्के मते घेऊन जिंकले. त्यांनी एप्रिल २०१५ मध्ये उमेदवारी जाहीर केली होती, शरद ऋतूपर्यंत ते घराघरांत पोहोचले होते, आणि जानेवारीच्या मुदतीआधी लोकांच्या नावांपुढे पक्षाची नोंद करून घ्यायला त्यांच्या समर्थकांना वेळ मिळाला होता. याच्या उलट न्यूयॉर्कमध्ये प्रायमरी १९ एप्रिल २०१६ रोजी होती आणि आधीपासून नोंदणी असलेल्याला पक्ष बदलण्याची मुदत ९ ऑक्टोबर २०१५ रोजीच संपली होती. त्या तारखेला डेमोक्रॅटिक उमेदवारांचा पहिला वादविवादसुद्धा झालेला नव्हता. क्लिंटन तिथे ५८ विरुद्ध ४२ अशा फरकाने जिंकल्या. त्या न्यूयॉर्कच्याच सिनेटर राहिलेल्या होत्या, त्यामुळे सगळे श्रेय मुदतीला देणे चूक होईल. पण सँडर्स यांच्याकडे वळलेल्या अनेक अपक्षांना तेव्हा काहीच करता आले नाही, हेही खरे आहे. त्याच वेळी रिपब्लिकन बाजूला डोनाल्ड ट्रम्प यांची मुले इव्हांका आणि एरिक यांनाही या मुदतीमुळे स्वतःच्या वडिलांना मत देता आले नव्हते. न्यूयॉर्क कॉकसचे राज्य नाही, पण मुदतीचा अर्थ समजून घ्यायला याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

त्यावरून मी एक साधा ठोकताळा वापरतो. मुदत आणि मतदान यांतले अंतर मोजायचे आणि त्या मुदतीच्या दिवशी उमेदवार किती परिचित होता ते पाहायचे. शेवटच्या सहा आठवड्यांत वर येणाऱ्या उमेदवाराला दोन महिने आधी बंद होणारे दार मारक ठरते. वर्षभर बांधणी केलेल्या उमेदवाराला ते तितके अडवत नाही, मग तो पक्षाबाहेरचा का असेना. केंटकीचे उदाहरण इथे बोलके आहे. रँड पॉल यांना सिनेट आणि अध्यक्षपद या दोन्हींसाठी एकाच वेळी उभे राहता यावे म्हणून तिथल्या रिपब्लिकन पक्षाने २०१६ मध्ये ५ मार्चला कॉकस घेतला. केंटकीत पक्ष बदलायचा तर तो आदल्या वर्षीच्या ३१ डिसेंबरपर्यंत बदलावा लागतो. दार असे घट्ट बंद असूनही ट्रम्प तिथे थोडक्यात पुढे राहिले. त्याच दिवशी कॅन्ससच्या कॉकसमध्ये मात्र टेड क्रूझ यांनी त्यांना दुपटीहून अधिक मतांनी मागे टाकले. दोन्ही ठिकाणी कॉकस रिपब्लिकन मतदारांपुरताच होता. तेव्हा फरक नोंदणीच्या नियमांबाहेर कुठेतरी शोधायला हवा. केंटकीत लोक दिवसा आपल्या सोयीने येऊन गुप्त मतपत्रिका भरून जाऊ शकत होते. तो नावालाच कॉकस होता, व्यवहार प्रायमरीचा होता, आणि माझ्या मते ट्रम्प यांना तेच मानवले.

नोंदणीच्या चर्चेत हाच मुद्दा हरवतो. कॉकसमध्ये नोंदणीपेक्षा मोठी अट वेळेची असते. तिचा सर्वांत स्वच्छ पुरावा वॉशिंग्टन राज्यात मिळाला, कारण तिथे पक्षनोंदणीच नाही आणि २०१६ मध्ये डेमोक्रॅट मतदारांनी एकाच हंगामात दोनदा कौल दिला. मार्चमधल्या कॉकसला सुमारे २,३०,००० लोक आले आणि सँडर्स यांना ७० टक्क्यांहून अधिक पाठिंबा मिळाला. मे महिन्यात टपालाने झालेल्या प्रायमरीत, जिच्यावर प्रतिनिधींची (राष्ट्रीय अधिवेशनात उमेदवार ठरवणाऱ्यांची) संख्या अवलंबून नव्हती, सुमारे ८,००,००० लोकांनी मत दिले आणि क्लिंटन ५२ टक्क्यांच्या आसपास मते मिळवून पुढे राहिल्या. नेब्रास्कातही त्या वर्षी असेच घडले: कॉकस सँडर्स यांचा, नंतरची प्रायमरी क्लिंटन यांची. नोंदणीच्या नियमांत फरक नव्हता. फरक होता तो शनिवारची सकाळ सभागृहात घालवू शकणारी माणसे आणि घरी बसून लिफाफा पाठवणारी माणसे यांत. पाळीत काम करणारी परिचारिका, लहान मुलांची आई, चालता न येणारे वृद्ध ही सगळी माणसे मतदार यादीत असतात, पण कॉकसच्या खोलीत दिसत नाहीत. मला ही या पद्धतीतली सर्वांत गंभीर उणीव वाटते आणि डेमोक्रॅटिक पक्षाने २०१८ मध्ये नियम बदलून कॉकसमध्ये गैरहजर राहूनही मत नोंदवण्याची सोय मागितली, ते योग्यच झाले. नेवाडाने २०२० मध्ये ती सोय चार दिवसांच्या आगाऊ मतदानाने दिली. तिथे आलेल्या सुमारे १,०५,००० लोकांपैकी जवळजवळ ७५,००० जणांनी याच मार्गाने मत दिले, नव्या नोंदणीची सोयही तिथेच होती, आणि सँडर्स त्या व्यवस्थेतही मोठ्या फरकाने जिंकले. ‘सँडर्स फक्त कमी हजेरीच्या कॉकसमध्ये जिंकतात’ हा समज निदान त्या राज्यापुरता तरी खोटा ठरला.

आता वजनाचा मुद्दा, जो बाहेरच्या निरीक्षकांच्या सहसा लक्षात येत नाही. आयोवाच्या डेमोक्रॅटिक कॉकसमध्ये २०२० पर्यंत पुढच्या पायरीवरच्या अधिवेशनासाठी प्रत्येक प्रीसिंक्टला किती प्रतिनिधी मिळणार हे आधीच ठरलेले असे, आणि ते मागच्या निवडणुकांत त्या प्रीसिंक्टमध्ये पक्षाला मिळालेल्या मतांवरून ठरत असे. त्या रात्री किती लोक आले याच्याशी त्या आकड्याचा संबंध नसे. समजा विद्यापीठाजवळच्या एका प्रीसिंक्टला सहा प्रतिनिधी आहेत. तिथे १२० लोक आले तर वीस माणसांमागे एक प्रतिनिधी पडतो. उत्साहाच्या लाटेत, दारावर नव्या नोंदण्या होऊन, तिथे ३६० लोक आले तर साठ माणसांमागे एक. त्याच वेळी दूरच्या एखाद्या गावात तीन प्रतिनिधींच्या प्रीसिंक्टमध्ये २४ लोक जमले असतील, तर तिथे आठ माणसांमागे एक प्रतिनिधी निवडला जातो. तिथे एकेका उमेदवाराचे समर्थक वेगवेगळ्या गटांत उभे राहत आणि पुरेशी माणसे नसलेल्या गटाला पहिल्या फेरीनंतर विखुरावे लागे; गटाला टिकून राहायला लागणारी ही किमान संख्याही हजेरीवर ठरे. चार किंवा अधिक प्रतिनिधींच्या ठिकाणी ती १५ टक्के असे, म्हणजे ३६० लोकांत ५४ माणसे. तीन प्रतिनिधींच्या गावात एक षष्ठांश, म्हणजे फक्त चार. त्या गावातल्या चार शेजाऱ्यांना जे साधते ते विद्यापीठाजवळ पन्नास नव्या विद्यार्थ्यांनाही साधत नाही.

म्हणून दारावरची नोंदणी ज्या उमेदवाराला एकाच ठिकाणी गर्दी मिळवून देते, त्याची पुष्कळशी मते वाया जातात. २०१६ मध्ये आयोवा सिटी, एम्स, सीडर फॉल्स अशा विद्यापीठांच्या गावांत सँडर्स यांचे तरुण समर्थक एकवटले होते, आणि त्यांच्या मोहिमेने विद्यार्थ्यांना आपापल्या मूळ गावी जाऊन कॉकस करण्याचा आग्रह धरला होता, तो याच गणितामुळे. नोंदणी घरच्या पत्त्यावर असली तर तसे करता येते. २००८ मध्ये कॉकस ३ जानेवारीला, सुट्टीच्या काळात होता. विद्यार्थी आपापल्या घरी पांगलेले होते. तेव्हा याला ओबामांचा तोटा मानणारे बरेच जण होते. मला तो फायदा वाटतो, कारण त्यामुळे त्यांची मते राज्यभर पसरली. २०१६ चा निकाल क्लिंटन ४९.८ आणि सँडर्स ४९.६ टक्के असा लागला. इतक्या निसटत्या लढतीत मते कुठे पडली याला फार महत्त्व येते. २०२० मध्ये पक्षाने प्रथमच प्रत्यक्ष मतांचे आकडेही प्रसिद्ध केले, तेव्हा ही गोष्ट सर्वांना दिसली. पहिल्या फेरीत सँडर्स यांना पीट बुटिजेज यांच्यापेक्षा सुमारे सहा हजार मते अधिक होती, तरीही प्रीसिंक्टच्या प्रतिनिधींवरून काढलेल्या राज्य प्रतिनिधींच्या हिशेबात बुटिजेज किंचित पुढे राहिले आणि राष्ट्रीय अधिवेशनासाठी त्यांना १४, तर सँडर्स यांना १२ प्रतिनिधी मिळाले.

रिपब्लिकन बाजूला आयोवात ही भानगड नाही. तिथे नावे नोंदवून झाली की गुप्त चिठ्ठ्या टाकतात आणि राज्यभरची बेरीज करतात. तिथे मते कुठे पडली यापेक्षा एकूण किती पडली हेच महत्त्वाचे. २०१२ मध्ये मिट रॉम्नी आठ मतांनी जिंकल्याचे आधी जाहीर झाले आणि प्रमाणित निकालात रिक सँटोरम ३४ मतांनी पुढे निघाले; अशा फरकात दुसऱ्या टेबलावर भरलेला प्रत्येक फॉर्म मोलाचा असतो. त्याच रात्री अपक्षांमध्ये सर्वाधिक पाठिंबा रॉन पॉल यांना होता. मतांत ते तिसरे आले, पण त्यांचे लोक चिठ्ठी टाकून घरी गेले नाहीत. काउंटी, जिल्हा आणि राज्य अधिवेशनांपर्यंत ते टिकून राहिले, आणि त्या वेळी कॉकसचा कौल प्रतिनिधींवर बंधनकारक नसल्यामुळे टॅम्पा येथील राष्ट्रीय अधिवेशनात आयोवाच्या २८ पैकी २२ मते पॉल यांना पडली. पक्षाने पुढे कौल बंधनकारक करून हा मार्ग बंद केला. तरी पुढच्या पायरीवर प्रतिनिधी म्हणून जायचे असेल तर कॉकसच्या रात्री केलेली पक्षनोंदणी नंतरही कायम ठेवावी लागते, हे नव्या लोकांना मी आवर्जून सांगतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा ‘कोणताही पक्ष नाही’ अशी खूण करण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, पण मग त्या पायरीवरचा अधिकार जातो.

नियम कोण करतो हे विसरू नये, याचे ताजे उदाहरण नेवाडातले आहे. २०२१ च्या कायद्याने तिथे सरकारी प्रायमरी आली, पण रिपब्लिकन पक्षाने प्रतिनिधी वाटण्यासाठी आपला वेगळा कॉकस ठेवला आणि प्रायमरीत उतरणाऱ्याला कॉकसमध्ये उभे राहण्यास मनाई केली. ६ फेब्रुवारी २०२४ च्या प्रायमरीत निकी हेली यांना ‘यांपैकी कोणीही नाही’ या पर्यायाने हरवले, आणि दोन दिवसांनी झालेल्या कॉकसमध्ये, जिथे महिनाभर आधीपासून रिपब्लिकन म्हणून नोंद असणे आणि ओळखपत्र दाखवणे आवश्यक होते, ट्रम्प यांना जवळजवळ सगळी मते मिळाली. आयोवासारखे दारावर पक्ष बदलण्याचे स्वातंत्र्य तिथे नव्हते, तरी ते असते तर निकाल बदलला असता असे मला वाटत नाही, कारण प्रबळ प्रतिस्पर्धी त्या मतपत्रिकेवरच नव्हता. उमेदवारीचे नियम जेव्हा इतके कठोर होतात, तेव्हा मतदार नोंदणीच्या नियमांची चर्चा निरर्थक ठरते. विश्लेषकाने आधी मतपत्रिकेवर कोण आहे ते पाहावे आणि मग मतदार कोण आहेत ते पाहावे.

आता आपला पहिला प्रश्न. नागरिकत्वाची शपथ झाल्यानंतर आपण मतदार म्हणून नोंदणी करू शकता, आणि शपथविधीच्या ठिकाणी अनेकदा स्वयंसेवी संस्थांची माणसे फॉर्म घेऊन उभी असतात. आयोवात तेव्हा पक्षाचा रकाना रिकामा ठेवला तरी बिघडत नाही. ज्या पक्षाच्या कॉकसला जायचे आहे त्याची खूण त्या रात्रीसुद्धा करता येते. तरीही काही आठवडे आधीच करून ठेवावी, असा माझा आग्रह आहे. दुसऱ्या टेबलापाशी रांग नेहमी लांब असते, गर्दीच्या वर्षी फॉर्म कमी पडल्याचेही घडले आहे, आणि छापील यादीत नाव असेल तर चुकीच्या प्रीसिंक्टला पोहोचण्याचा धोकाही आधीच कळतो. सध्याचा पत्ता दाखवणारा एखादा कागद आणि छायाचित्र असलेले ओळखपत्र जवळ ठेवावे. डेमोक्रॅटिक पक्षाच्या बाबतीत एक गोष्ट ध्यानात घ्यावी: २०२४ मध्ये अध्यक्षीय पसंती त्यांनी टपालाने पाठवायच्या कार्डांवर घेतली, ५ मार्चला तिचा निकाल लावला, आणि प्रत्यक्ष कॉकस पक्षाच्या इतर कामांपुरता ठेवला. तेव्हा त्या-त्या वर्षीची पद्धत पक्षाच्या काउंटी समितीकडून विचारून घ्यावी.

घरात कोणी अजून ग्रीन कार्डवर किंवा कामाच्या व्हिसावर असेल तर त्यांच्यासाठी इथे कळकळीने सांगतो, कारण गर्दीत, घाईत आणि स्वयंसेवकाच्या भल्या आग्रहाखातर ही चूक होऊ शकते. दुसऱ्या टेबलावरच्या फॉर्मवर सही करणे म्हणजे मी अमेरिकेचा नागरिक आहे असे लिहून देणे. नागरिक नसताना तशी सही केली तर पुढे नागरिकत्वाचा अर्जच नव्हे, तर देशात राहण्याचा हक्कही धोक्यात येतो, आणि नागरिकत्वाच्या अर्जात मतदार नोंदणी कधी केली होती का, असा थेट प्रश्न असतो. अशा व्यक्तीने कॉकस पाहायला जरूर यावे. निरीक्षकांना बसायला जागा असते. आत येताना सभेच्या अध्यक्षांना आपण निरीक्षक आहोत एवढे सांगावे, कोणत्याही यादीवर किंवा फॉर्मवर सही करू नये, आणि मोजणी सुरू झाली की भिंतीकडच्या खुर्च्यांवर वेगळे बसावे, म्हणजे मोजणाऱ्याचाही गोंधळ होत नाही.